काकतीहून समुद्र किती दूर?

आमच्या काकतीला समुद्र नाही. राणी चन्नम्मांचं जन्मगाव, हायवे, साखर कारखाना आणि मार्कंडेय नदी, एवढीच आमची ओळख. तरी उपवासकाळातल्या शुक्रवारी घरात मटण-चिकन शिजत नाही, तेव्हा पप्पा बेळगावच्या बाजारातून मासे आणतात. यंदा आईने पिशवी उघडली आणि म्हणाली, "अहो, हे बांगडे की बांगड्यांची पोरं?" बोटभर लांबीचे होते. भाव मात्र मोठ्यांचाच!

मालवणच्या मामाला फोन लावला. त्याचं आयुष्य होडीवर गेलंय. तो एवढंच बोलला, "बारक्याक मारलंस तर फुडल्या वर्साक काय खातलंस?" पण मागून मामेभावाचा आवाज आला, "पुढच्या वर्षी मी इथं नसणारच." बारावी झालीय त्याची. समुद्रात आता काही उरलं नाही, गोव्याला हॉटेलात काम बघतो, म्हणतो. मी साहित्याची विद्यार्थिनी, पण त्याच्यासाठी वाचायला बसले. जे समजलं ते सांगते.

आधी बारक्या माशांचं. कांद्याची जाळीदार पिशवी दोन्ही टोकांना धरून ओढून बघा. भोकं मिटतात. ट्रॉलरच्या जाळ्याचंही तेच होतं. मासे जमतात त्या शेवटच्या पिशवीसारख्या भागाची भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. बोट ओढू लागली की ती मिटतात आणि पिल्लं आत अडकतात. भोकं चौकोनी ठेवली तर ती ताणातही उघडी राहतात, पिल्लं निसटतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं अशा जाळ्यांवर काम केलं. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं झालेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पात ४० मिलिमीटरची चौकोनी भोकांची जाळी मालवणच्या ट्रॉलरवर वापरून पाहिली गेली. भोकाचा आकार बदलला, बस. त्यामागे संशोधन मात्र वर्षांचं.

कायदाही मागोमाग येतोय. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा काळ. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

हे ज्ञान येतं कुठून? १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचा अभ्यास केला. त्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. प्रवाह, गाळ, पाण्यातले सूक्ष्म जीव, सगळं तिथं तपासतात. दुसरी संस्था 'इन्कॉइस', स्थापना १९९९, पत्ता हैदराबाद. म्हणजे आमच्यासारखंच समुद्र नसलेलं गाव! उपग्रह समुद्राचं तापमान आणि पाण्याचा हिरवटपणा टिपतात. हिरवटपणा म्हणजे सूक्ष्म वनस्पती, माशांच्या अन्नाची पहिली पायरी. थंड आणि उबदार पाणी जिथं भेटतं तिथं मासे जमायची शक्यता जास्त. हा अंदाज मच्छीमारांना त्यांच्या भाषेत मिळतो, मराठीतसुद्धा. शोधाशोध कमी, डिझेल वाचतं. पण जाळं तेच जुनं राहिलं, तर याच माहितीनं पिल्लं जास्त वेगानं संपतील. म्हणून नुसतं संशोधन पुरत नाही, ते वापरणारे हात शिकलेले लागतात.

शिकायच्या वाटा आहेत. कोचीच्या 'सिफनेट'मध्ये, ही संस्था १९६३ची, दहावीनंतर दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत: एक बोट चालवणाऱ्यांचा, एक इंजिन सांभाळणाऱ्यांचा. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. आणि मामाच्या घराजवळ, तारकर्लीत, पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. जिवंत मासा दाखवूनही पोट भरता येतं, हे तिथली मुलं शिकतात. वेंगुर्ल्यात तर बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळवनाच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, म्हणजे तीच जपली जातात.

हे सगळं मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. मूळ मसुद्यात 'सागरी परिसंस्थेचे शाश्वत व्यवस्थापन' असं वाक्य होतं. तो म्हणाला, "ताई, म्हणजे बाबा म्हणतात तेच ना?" मी ते वाक्य खोडलं. मग त्यानं विचारलं, "तारकर्लीचा फॉर्म कधी सुटतो?" जाईल की नाही, माहीत नाही. पण विचारलं तरी.

आणि आपण? आमची मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. मासे आम्ही पश्चिमेचे खातो, कचरा पूर्वेला पाठवतो. काकतीच्या पुलावरून टाकलेली प्लास्टिकची पिशवी समुद्राच्याच वाटेला लागते. तेव्हा पुढच्या शुक्रवारी बाजारात बोटभर बांगडे दिसले, तर घेऊ नका. आईनं पप्पांना तसं बजावलंय.