हौसेचा तलाव, मातीचा बांध

मासे पळूं नयेत म्हणून सांडव्यास जाळी लावणें किती निरुपद्रवी वाटतें! अमेरिकेंत जॉन्सटाउन गांवाच्या वर सुमारें १४ मैलांवर धनिकांच्या एका क्लबाचा तलाव होता. त्याच्या ७२ फूट उंच मातीच्या बांधांतील, पाणी सोडण्याचे नळ पूर्वींच काढलेले. ते पुन्हां बसविलेच नाहींत. पैशाची वाण नव्हती, हें लक्षांत घ्यावें! माथाहि मध्यें खचलेला. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टीनें जाळी कचऱ्यानें तुंबली, पाणी माथ्यावरून वाहूं लागलें. मातीचा बांध तें सोसत नाहीं. दुपारीं तो फुटला आणि २,२०९ माणसें प्राणांस मुकलीं.

ज्यांच्या मळ्यांत असा बांध असेल त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं सांडवा मोकळा करावा, झुडपें लहान असतांनाच उपटावीं. पायथ्याचा पाझर गढूळ दिसला, तर आंतील माती वाहूं लागली असें समजून खालच्या वस्तीस तत्काळ कळवावें.