हात लावायचा नाही, आवाज द्यायचा



मागच्या बैठकीला आपल्या गटातल्या दोघीतिघींनी मला विचारलं, "तुम्ही मायलेकी गोव्याला कसली तरी शर्यत बघायला गेला होतात म्हणे. पोहायचं, सायकल चालवायची आणि वर पळायचंही. ती बघायची कशी? आणि उन्हात दिवसभर उभं राहून मिळालं काय?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज त्याचंच सांगते.

या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तीन खेळ एकामागून एक करायचे, मध्ये विश्रांती नाही. आधी पोहणं, मग सायकल, शेवटी धावणं. क्रम बदलत नाही आणि घड्याळ थांबत नाही. ओले कपडे सारखे करून सायकल घ्यायची, सायकल ठेवून धावायचे बूट चढवायचे, तो वेळही शर्यतीतच धरतात.

अंतरं वेगवेगळी असतात. ऑलिंपिकमध्ये २००० सालापासून ही शर्यत आहे. तिथे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. आम्ही पाहिली ती पणजीची, आयर्नमॅन ७०.३. ती तिथे पहिल्यांदा २०१९ मध्ये झाली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. बेरीज होते ११३ किलोमीटर. मैलात मोजलं तर ७०.३, म्हणून ते नाव.

आमचं जाणं झालं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्याला नोकरी करते. सकाळी पाचला उठून सराव, मग दिवसभर काम, असं तिनं वर्षभर केलं. तिनं फोन केला, "आत्या, आईबाबांना येणं जमत नाही. तू येशील का?" माझी लेक दहा वर्षांची. ताईचं नाव ऐकताच तिनं आदल्या रात्रीच पुठ्ठा कापून त्यावर मोठ्या अक्षरात ताईचं नाव लिहिलं. तेच सगळ्यात उपयोगी पडलं, ते का ते पुढे सांगते.

पहाटे चारला शेजारच्या दादांच्या गाडीनं निघालो. शर्यतीसाठी रस्ते बंद असतात, त्यामुळे गाडी अलीकडेच सोडली आणि मांडवीच्या काठानं चालत मिरामार गाठलं. उजाडता उजाडता वाळूवर ही गर्दी! सगळ्यांच्या डोक्याला रंगीत टोप्या, घोट्याला पट्टा. त्या पट्ट्यात वेळ मोजणारी चिप असते. सगळ्यांना एकदम पाण्यात सोडत नाहीत, थोडे थोडे सोडतात. ज्याचा त्याचा वेळ तो पाण्याकडे निघाला की सुरू होतो. आमची भाची ७ वाजून २० मिनिटांनी पाण्यात शिरली.

तेव्हापासून आमचा हिशोब सुरू झाला. बघायला जाणाऱ्या बाईला हा हिशोब यायलाच हवा, नाहीतर आपण चहाला जायचं आणि आपलं माणूस तेवढ्यात निघून जायचं. पोहायला तिला ५५ मिनिटं लागतील असं तिनं सांगितलं होतं. म्हणजे सव्वाआठला ती बाहेर. कपडे, हेल्मेट, बूट यात आठ-दहा मिनिटं. मग ९० किलोमीटर. ताशी २२ किलोमीटरनं गेली तर चार तासांहून थोडं जास्त. म्हणजे साडेबाराच्या सुमारास ती सायकल ठेवणार. हे मी कागदावर लिहून नेलं होतं. मोबाईलवर स्पर्धकाचा क्रमांक टाकून तो कुठवर आला तेही बघता येतं, पण रेंज जाते, बॅटरी संपते. कागद जात नाही.

आता वेळेच्या मर्यादेचं. या अंतराला साधारण नियम असा आहे की, पोहणं १ तास १० मिनिटांत संपलं पाहिजे. सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल ठेवली पाहिजे. सगळं मिळून साडेआठ तासांत पूर्ण झालं पाहिजे. मधल्या वेळा चुकल्या तर पुढे सोडत नाहीत. भाचीसाठी सायकलची मर्यादा होती १२ वाजून ५० मिनिटं. म्हणजे हातात वीस मिनिटं जास्तीची.

पोहणं ठरल्याप्रमाणे झालं. ती पाण्यातून धावत वर आली तेव्हा लेकीनं पुठ्ठा उंच धरला. तिला चष्मा नव्हता, चेहरे काही दिसले नसतील, पण पुठ्ठ्यावरची अक्षरं दिसली. ती हसली. एवढ्या गर्दीत आपलं नाव दिसलं, आपल्या नावानं हाक आली, की माणसाला कळतं आपलं कोणीतरी आहे.

मग आम्ही सायकलच्या रस्त्याला उभ्या राहिलो. तोच रस्ता पुन्हा पुन्हा फिरायचा असतो, त्यामुळे एका जागी उभं राहूनही आपलं माणूस दोनतीनदा दिसतं. एक मात्र पाळायचं. कठड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, पोराचा हात सोडायचा नाही. सायकली आवाज न करता येतात आणि फार जोरात येतात.

दुसऱ्या फेरीला ती आली आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर थांबली. चाक बसलं होतं. खाली उतरली, चाक काढलं, ट्यूब बदलायला बसली. अंगावरून घाम गळत होता. लेकीनं माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि निघाली धावत. मी तिचा दंड धरला.

"आई, ताईला तहान लागली असेल."

लागली असणारच. मलाही समोर दिसत होतं. पण भाचीनं आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, "आत्या, काहीही झालं तरी मला पाणी द्यायचं नाही, खायला द्यायचं नाही, माझ्याबरोबर धावायचं नाही, सायकलला हात लावायचा नाही. बाहेरची मदत घेतली की मी बाद."

ऐकताना हा नियम कठोर वाटतो. पण विचार करा. एकीचा नवरा गाडी घेऊन मागे मागे शहाळं देत फिरला आणि दुसरी एकटीच आली, तर ती बरोबरीची शर्यत झाली का? म्हणून पाणी, केळी वगैरे ठरलेल्या टेबलांवर असतं. तिथले स्वयंसेवक सगळ्यांना सारखंच देतात. कोणाला चक्कर आली, लागलं, तर डॉक्टर आणि रुग्णवाहिका असते. घरच्यांनी द्यायचा तो फक्त आवाज.

मग आम्ही आवाज दिला. मी घरून स्टीलचं ताट आणि पळी नेली होती, ती वाजवली. लेक ताईचं नाव घेऊन ओरडत होती. वीसेक मिनिटं गेली. चाक बसवून भाची निघाली. जाताना आमच्याकडे पाहिलं नाही, पण हात वर केला.

साडेबारा झाले. ती आली नाही. पावणेएक. बारा पन्नास. लेक माझ्या घड्याळात बघत होती, काही बोलत नव्हती. एक वाजता भाची आली. वाटेत आणखी एकदा चाक बसलं होतं. दहा मिनिटं उशीर झाला होता. तिच्या घोट्याची चिप काढून घेतली. ती आमच्याकडे चालत आली, कठड्याला टेकली आणि म्हणाली, "आत्या, आता दे पाणी."

तिनं अख्खी बाटली संपवली. मग लेकीनं विचारलं, "आई, ताई हरली काय गे?"

मला उत्तर सुचेना. भाचीनंच दिलं. म्हणाली, "आजची शर्यत पूर्ण नाही झाली. पोहणं झालं, सायकल झाली, धावणं राहिलं." एवढंच. रडली थोडी, नाही असं नाही. मग आम्ही बांधून नेलेली भाकरी आणि चटणी खाल्ली आणि म्हणाली, "चला, पळणाऱ्यांना आवाज देऊ. मला माहीत आहे आता त्यांना काय होत असेल."

दुपारी तीननंतर गर्दी पांगते. जिंकणारे कधीच घरी गेलेले असतात. ऊन डोक्यावर आणि रस्त्यावर शेवटची माणसं, निम्मी चालत, निम्मी पळत. आवाजाची खरी गरज त्यांना असते. छातीवरच्या क्रमांकाबरोबर नाव छापलेलं असतं, ते वाचून हाक मारायची. "आता थोडंच राहिलं" असं खोटं सांगायचं नाही, त्यांना अंतर माहीत असतं. "बरं चाललंय, चालत राहा" एवढं पुरे. एक बाई, माझ्याच वयाची असेल, आमच्यासमोरून लंगडत गेली. आम्ही तिघींनी तिच्या नावानं हाका मारल्या. वळणावर जाऊन तिनं मागे वळून हात जोडले.

परत येताना भाचीनं लेकीला एक गोष्ट सांगितली. आयर्नमॅनची पहिली शर्यत १९७८ मध्ये हवाई बेटांवर झाली. १५ जणांनी सुरू केली, १२ जणांनी पूर्ण केली. सगळे पुरुष. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर नावाची पहिली बाई उतरली आणि सगळ्यांमध्ये पाचवी आली. १९८२ मध्ये ज्युली मॉस नावाची मुलगी शेवटच्या रेषेजवळ येऊन कोसळली. दुसरी तिला ओलांडून जिंकली. ज्युली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. जगानं जास्त लक्षात ठेवली ती ही रांगणारी.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला मात्र दुसरंच आठवत होतं. माझी भाची पोहायला शिकली ती आमच्या माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. माझ्या भावानं शिकवलं. त्याच विहिरीत मीही शिकले होते. पण मी बारा वर्षांची झाले आणि आजीनं सांगितलं, आता पुरे. भाऊ पोहत राहिले, मी काठावर कपडे धूत राहिले. भाचीच्या वेळी भावानं ते "पुरे" म्हटलं नाही. फरक एवढाच.

आता माझी लेक म्हणते, मलाही शिकायचं. मे महिन्यात शिकवायचं ठरवलं आहे. पायऱ्या असलेली विहीर बघायची, चांगलं पोहता येणारं मोठं माणूस सोबत पाण्यात हवं, पाठीला डबा आणि कमरेला दोर. एकटं पोर कधीही पाण्यात सोडायचं नाही. समुद्रात आणि पावसाळ्याच्या नदीत शिकवायचं नाही. कपड्यांची अडचण वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टीशर्ट आणि लांब तुमान चालते. ओढणी, फ्रॉक नको, पाण्यात गुंततात. शर्यतीला जायचं की नाही ते पुढे बघू. पण विहिरीच्या आणि खाडीच्या गावात राहणाऱ्या मुलीला पाण्यात तरंगता आलंच पाहिजे.

आपल्या गटात ज्यांच्या मुली आठ ते चौदा वर्षांच्या आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला सांगा. आणि ज्यांना पोहता येतं पण कोणीतरी "पुरे" म्हटलं म्हणून सोडलं, त्यांनीही सांगा. मुली पाण्यात उतरतील तेव्हा शिकवणारी एक पाण्यात असेल. बाकीच्यांनी काठावर उभं राहून नावानं हाका मारायच्या. ताट मी आणते.