झाडावरून पडलेल्या माणसाला उचलताना

सफाळे स्थानकातून पश्चिमेला एडवण, उसरणी, दातिवऱ्याकडे निघाले की ताड आणि माड आपली सोबत करतात. उन्हाळ्यात ताडगोळे, सकाळची ताडी, बारमाही नारळ. कितीतरी घरांची चूल या झाडांवर पेटते. पण ताड वीस-पंचवीस मीटरही उंच जातो. तिथून हात सुटला तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. आज बोलायचे आहे ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाविषयी. पडताना इजा होते ती होतेच. पण पुष्कळदा तिच्यात भर पडते ती आपण त्याला घाईने उचलतो तेव्हा.

पायांवर पडणाऱ्याची टाच मोडते, आणि तोच दणका वर चढून कमरेच्या मणक्यांवर बसतो. म्हणून टाच दुखते म्हणणाऱ्याची पाठही दुखावली असेल, असेच धरून चालावे. हातावर पडला तर मनगट जाते, मागे पडला तर डोके आणि मान. मणक्यांच्या माळेतून मज्जारज्जू जातो. पायांना हुकूम पोचवणारी तारच ती! मणका मोडला तरी ही तार कधी कधी शाबूत असते. अशा माणसाला उठवून बसवले, तर मोडलेला तुकडा सरकून तार चेपते आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात.

मग करावे काय? त्याला आहे तसाच पडू द्या. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. श्वास नीट चालला आहे का, ते पाहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, एवढे विचारावे. पाणी किंवा चहा पाजू नये. लगेच 108 क्रमांकावर फोन करावा. राज्यात 2014 पासून ही रुग्णवाहिका मोफत मिळते.

गाडी पोचण्यासारखी नसेल आणि हलवावेच लागले, तर झोळी नको. झोळीत पाठ वाकते. दाराची फळी आणा. चौघांनी मिळून, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, डोके-पाठ-पाय एका रेषेत ठेवून एकदम कुशीवर वळवावे, फळी सरकवावी आणि तसेच परत निजवावे. मोडलेल्या हातापायाला कापड गुंडाळलेल्या कामट्यांचा आधार द्यावा. बोटे गार किंवा निळी पडली तर बंध सैल करावेत. चोळणे, ओढणे, तेल लावणे मात्र बिलकूल नाही.

आता पडूच नये म्हणून. पावसात बुंधा शेवाळतो, तेव्हा चढणे टाळावे. सुकलेल्या झावळीला धरून लोंबकळू नये. ती हातात येते. ताडी पिऊन झाडावर जाऊ नये, एकट्याने तर नाहीच. कमरेचा पट्टा झाडाला अडकवूनच काम करावे. माडावर चढण्याची पायटेकणीची यंत्रेही आता मिळतात. नारळ विकास मंडळाने 2011 पासून ती वापरण्याचे शिक्षण तरुणांना दिले आहे.

गुरुजींना एक विनंती. एखाद्या शनिवारी शाळेत एक फळी, चार मुले आणि एक खोटा रोगी घेऊन हा सराव करून घ्या. वाडीत प्रसंग आला, तर मोठ्यांच्या गोंधळात 'थांबा, उचलू नका' असे सांगणारे एक तरी पोर तिथे असेल.