झोपलेल्या विषाणूला उठवताना

रोज नियमाने औषधं घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताच्या रक्ततपासणीत वर्षानुवर्षं विषाणू सापडत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो परततो. तो दडून कुठे बसतो, हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं. विश्रांतीत असलेल्या सीडी४ टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशींच्या, डीएनएमध्ये विषाणूची जनुकं गुंफलेली असतात. पेशी स्वस्थ असेतो ती वाचली जात नाहीत; म्हणून औषधं त्यांच्यावर चालत नाहीत आणि प्रतिकारशक्तीलाही त्यांचा पत्ता लागत नाही. दहा लाखांत साधारण अशी एखादीच पेशी असते, पण हा साठा निम्मा व्हायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागतो.

मग त्याला मुद्दाम उठवावं, म्हणजे तो उघडा पडेल. उठवण्याचं साधन शरीरापाशीच आहे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरसारखा दाहकारक रेणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटला की आत एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला अडकवून ठेवणारं दुसरं प्रथिन नष्ट केलं जातं. मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतं आणि संसर्गाशी लढणारी जनुकं सुरू करतं. एचआयव्हीने याच प्रथिनाला बसायच्या जागा आपल्या जनुकांच्या तोंडाशी बाळगल्या आहेत. गॅरी नेबल आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. एकदा वाचन सुरू झालं की विषाणूचं टॅट हे प्रथिन तयार होतं आणि ते वाचनाचा वेग कैक पटींनी वाढवतं. पेशी ज्या हाकेने लढायला उठते, त्याच हाकेने तिच्यातला शत्रूही उठतो. जीवशास्त्रात इतकी निर्दय काटकसर मी क्वचितच पाहिली आहे.

मात्र ही हाक सगळ्या शरीराला ऐकू जाते. अॅम्स्टरडॅममध्ये तीन रुग्णांना टी-पेशी चेतवणारी प्रतिपिंडं आणि इंटरल्यूकिन-२ एकत्र दिलं गेलं. त्याचा अहवाल १९९९ मध्ये आला. रुग्णांना त्रास बराच झाला, सीडी४ पेशी दीर्घकाळ घटलेल्या राहिल्या. सरसकट चेतवण्याचा मार्ग तिथेच मागे पडला, आणि ते योग्यच झालं.

पुढचा धक्का २०१२चा. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना प्रयोगशाळेत दिसलं की पेशींना सरसकट न चेतवणाऱ्या व्होरिनोस्टॅट या औषधाने विषाणू जागा झाला तरी पेशी मरत नाही; मारेकरी टी-पेशींना आधी तयार करावं लागतं. म्हणून आता प्रतिकारपेशींमधल्या टीएलआर-७ या ग्राहक प्रथिनाला चेतवणाऱ्या वेसाटोलिमॉडसारख्या रेणूंकडे लक्ष आहे, कारण ते प्रतिकारशक्तीलाही सावध करतात. २०१८ मध्ये तो रेणू आणि एक प्रतिपिंड मिळून दिलेल्या ११ माकडांपैकी ५ माकडांमध्ये औषधं थांबवूनही निरीक्षणाच्या काळात विषाणू परतला नाही. पण त्यांचे उपचार संसर्गानंतर आठवड्याभरातच सुरू झाले होते. इतक्या लवकर निदान झालेले रुग्ण आपल्याकडे किती असतील?

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. यातलं बरंच काम युरोप-अमेरिकेत आढळणाऱ्या बी उपप्रकारावर झालं आहे. भारतात प्रामुख्याने सी उपप्रकार आहे. बीमध्ये एनएफ-कॅपा-बीच्या सहसा दोन जागा असतात, सीमध्ये तीन. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाला तर भारतात चार जागांचे विषाणूही सापडले. जागा जास्त म्हणजे उठवणं सोपं, असं वाटेल. पण याच गटाच्या प्रयोगांत जास्त जागांचा विषाणू उलट लवकर सुप्त होताना दिसला. तिकडे ठरलेली मात्रा इकडे लावण्याआधी हे रेणू आपल्या रुग्णांच्या पेशींवर तपासायलाच हवेत.