जपानचा रेल पास आणि सुट्टीची गर्दी: पास खिशात असला तरी सीट वेगळी धरावी लागते

मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जायचं यावर घरात चर्चा सुरू झाली की दुबई, मलेशियाच्या जोडीला आता जपानचंही नाव निघू लागलं आहे. व्हिसा आणि विमानाची तिकिटं झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'तो रेल पास काढायचा का?' प्रश्न रास्तच आहे. पण सुट्टीत जाणार असाल तर त्याच्याही आधी एक गोष्ट बघायला हवी. आपण ज्या तारखांना जातोय, त्या तारखांना खुद्द जपानी माणूस कुठे निघालाय?

जपानमध्ये वर्षातून तीन वेळा अख्खा देश एकदम प्रवासाला निघतो. पहिली वेळ 'गोल्डन वीक'ची. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे या चार सरकारी सुट्ट्या, त्यांना लागून शनिवार-रविवार. दुसरी वेळ 'ओबोन', म्हणजे साधारण १३ ते १६ ऑगस्ट. या दिवसांत लोक पूर्वजांच्या स्मरणासाठी आपापल्या गावी जातात. तिसरी वेळ वर्षअखेरीची, डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांपासून ४ जानेवारीच्या आसपासपर्यंत. आता आपल्या शाळांच्या सुट्ट्या आठवा. उन्हाळी सुट्टी थेट गोल्डन वीकवर येते आणि नाताळची सुट्टी थेट वर्षअखेरीवर. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ नाही. ज्यांना तारखा बदलता येतात त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

पासबद्दल मोठा गैरसमज असा की पैसे भरले म्हणजे जागा मिळाली. मुंबईच्या लोकलचा फर्स्ट क्लासचा पास काढणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पास आपल्याला गाडीत चढू देतो, बसायला मिळेल की नाही ते डब्यात शिरल्यावर कळतं. जपान रेल पासचंही मूळ तेच आहे. चांगली गोष्ट ही की सुट्टीच्या दिवसांत हा पास बंद नसतो, वर्षभर कुठल्याही तारखेला चालतो. आणि पासावर सीटचं आरक्षण फुकट मिळतं. फक्त ते वेगळं करावं लागतं, आणि गर्दीच्या दिवसांत ते केलं नाही तर मुलाबाळांसह तीन तास उभं राहायची तयारी हवी.

आरक्षण खुलं होतं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानच्या वेळेनुसार सकाळी दहा वाजता. तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे ३ मेला टोकियोहून क्योतोला जायचं असेल तर ३ एप्रिलला फजरनंतर झोपू नका, मोबाइल घेऊन बसा. कोकणात मे महिन्यात जाण्यासाठी मांडवी किंवा कोकणकन्याचं आरक्षण उघडायची वाट बघणाऱ्यांना हे नवीन नाही. फरक एवढाच की तिथे आपल्यासारखी वेटिंग लिस्ट आणि आरएसी नाही. सीट आहे तर आहे, नाही तर नाही. कुणी रद्द केली तर ती पुन्हा दिसू लागते, म्हणून अधूनमधून बघत राहावं.

इथे पास कुठून घेतला याला फार महत्त्व येतं. जेआर कंपन्यांच्या अधिकृत वेबसाइटवरून पास घेतला तर भारतात बसूनच सीट धरता येते. ट्रॅव्हल एजंटकडून घेतला तर बहुतेक वेळा हातात पडतं ते 'एक्स्चेंज ऑर्डर' नावाचं कागदपत्र. ते जपानमध्ये पोहोचल्यावर स्टेशनच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून बदलून घ्यायचं आणि आरक्षण त्यानंतरच करायचं. एरवी याने काही बिघडत नाही. पण २ मेला उतरून ३ मेच्या गाडीत चार सीट एकत्र मागितल्या, तर काउंटरवरचा माणूस अगदी अदबीने मान लववून 'नाही' म्हणेल. सुट्टीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी अधिकृत वेबसाइटचाच रस्ता धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता गाड्यांचं बघू. टोकियो, नागोया, क्योतो, ओसाका या मार्गावर शिनकानसेनचे तीन प्रकार धावतात. नोझोमी सर्वात वेगवान, टोकियो ते शिन-ओसाका अडीच तासांत. हिकारीला साधारण तीन तास लागतात. कोदामा प्रत्येक स्टेशनवर थांबते. पासावर हिकारी आणि कोदामा चालतात. नोझोमीने जायचं तर पास असूनही वरून जादा तिकीट घ्यावं लागतं, टोकियो ते क्योतोसाठी माणशी ४,९६० येन. ही सोय ऑक्टोबर २०२३ पासून आहे, त्याआधी पासवाल्यांना नोझोमी पूर्ण बंद होती. अडचण संख्येची आहे. गर्दीच्या वेळी नोझोमी तासाला दहा-बारासुद्धा सुटतात, हिकारी मात्र साधारण दोनच. जगभरचे पासवाले त्या दोन गाड्यांवर तुटून पडतात.

२०२३ च्या वर्षअखेरीपासून आणखी एक बदल झाला. गोल्डन वीक, ओबोन आणि वर्षअखेर या तिन्ही हंगामांत नोझोमीच्या सगळ्या सीट आरक्षित असतात, आपल्या भाषेत जनरल डबा राहतच नाही. हिकारीत पहिले पाच डबे या दिवसांतही अनारक्षित असतात आणि कोदामातही असे डबे असतात. आरक्षण हुकलंच तर हेच दोन आधार. त्यातही युक्ती अशी की गाडी जिथून सुटते तिथूनच चढावं. टोकियो स्टेशनवर रांगेत उभं राहिलं, एखादी गाडी सोडून दिली, तर पुढच्या गाडीत बसायला मिळू शकतं. क्योतोला मधेच चढणाऱ्याच्या नशिबी भरलेला डबा येतो. लहान मुलं सोबत असतील तर कोदामाचा विचार करा. वेळ जास्त लागतो, पण टोकियोहून निघताना तीत जागा मिळायची शक्यता बरी असते. उत्तरेकडे जाणाऱ्या हायाबुसा आणि होकुरिकू मार्गावरच्या कागायाकी या गाड्यांत मात्र बारा महिने आरक्षणच लागतं.

गर्दीला दिशा असते, हे बरेच जण विसरतात. सुट्टी लागताना लोंढा टोकियोतून बाहेर पडतो, संपताना टोकियोकडे परत येतो. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर जे दिसतं तेच. मग आपण उलटं का जाऊ नये? ओसाकाच्या कानसाई विमानतळावर उतरायचं, सुट्टीच्या सुरुवातीला ओसाकाहून टोकियोकडे यायचं. गाड्या चालू असतात आणि त्या दिशेला गर्दी त्या मानाने कमी असते. हे जमत नसेल तर गर्दीचे दोन-तीन दिवस एकाच शहरात काढावेत. टोकियोत बघण्यासारखं चार दिवस पुरेल इतकं आहे. अशा वेळी पास सुट्टी ओसरल्यानंतरच्या तारखेपासून सुरू करावा, कारण तो सलग दिवसांचा असतो. मध्ये एका जागी राहिलात तरी त्याचे दिवस संपतच जातात.

आणि मुळात पास परवडतो का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. १४ दिवसांचा ८०,००० आणि २१ दिवसांचा १,००,००० येन झाला. घेण्याआधी त्या वेळचा दर एकदा बघून घ्या. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मा दर. म्हणजे आई-वडील आणि या वयाची दोन मुलं यांचे सात दिवसांचे दीड लाख येन होतात. उलट टोकियो ते क्योतो साधं तिकीट सुमारे १४,००० येनांचं, जाऊन-येऊन २८,०००. नुसतं टोकियो-क्योतो-ओसाका करणाऱ्यांनी पास घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हिरोशिमापर्यंत जाऊन आठवड्यात टोकियोला परतलं तरी सुटी तिकिटं बहुतेक वेळा पासाच्या आतच बसतात. त्याहून लांब, क्युशू किंवा उत्तरेकडे, तेही त्याच आठवड्यात जाणार असाल तरच हिशेब जुळतो.

गंमत म्हणजे सुट्टीत विमानाचे भाव दुप्पट होतात तसं तिथल्या रेल्वेचं होत नाही. ऐन गर्दीत आरक्षित तिकीट काहीशे येनांनीच वाढतं. दुर्मिळ होते ती सीट, आणि सीटच्या बाबतीत पासवाल्याला कसलाही अग्रहक्क नाही. उलट तो मागेच पडतो. स्मार्टईएक्स या अ‍ॅपवर साधं तिकीट घेणाऱ्याला काही गाड्यांत वर्षभर आधीही सीट मिळते, पासवाल्याला महिनाभर थांबावं लागतं. म्हणून गोल्डन वीकच्या ऐन दिवसांसाठी आम्ही तरी साधी तिकिटंच सुचवू. एकाच भागात फिरायचं असेल तर त्या भागापुरते स्वस्त पासही मिळतात.

काही जणांचे नातेवाईक टोकियोत नोकरीला आहेत, निशी-कासाई भागात तर भारतीय वस्ती बरीच आहे. तिथे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांना हा पास मिळत नाही. तो 'टेम्पररी व्हिजिटर' म्हणून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी आहे. भाऊ-वहिनीसोबत फिरायचं तर त्यांची तिकिटं वेगळी, आणि सीट शेजारी हव्या असतील तर सगळ्यांनी मिळून काउंटरवर जावं.

सामानाचं सांगायलाच हवं, कारण आपल्या बॅगा मोठ्या. टोकियो ते क्युशूपर्यंतच्या शिनकानसेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेसाठी खास सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. न करता बॅग घेऊन चढलात तर १,००० येन द्यावे लागतात. २५० च्या वरची बॅग घेतच नाहीत. सहा वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट, पण गर्दीत त्याला स्वतःची सीट हवी असेल तर मुलाचं तिकीट काढावं लागतं. तीन तासांच्या प्रवासात ते पैसे वसूल होतात.

जेवण घरून, निदान हॉटेलवरून घेऊनच निघा. टोकियो-ओसाका मार्गावरच्या नोझोमी आणि हिकारीत ट्रॉलीवरून होणारी विक्री ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. स्टेशनवर मिळणारे जेवणाचे डबे दिसायला सुंदर, पण साधा भाजीचा किंवा माशाचा वाटणारा डबाही मिरीन या मद्यार्काच्या मसाल्यात शिजलेला असू शकतो. १ ते ३ जानेवारीला बरीच छोटी हॉटेलं बंद असतात, तेव्हा हलाल हॉटेल उघडं आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारावं. नमाजासाठी नारिता, हानेदा आणि कानसाई विमानतळांवर खोल्या आहेत. जुम्मा शहरात पडेल असा बेत करता आला तर टोकियोत योयोगी-उएहारा स्टेशनजवळची टोकियो जामी आहे. कोबेत १९३५ ची मशीद आहे, जपानमधली पहिली. तिच्या उभारणीत तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांचाही हातभार होता.

ओबोनला जाणाऱ्यांनी एक दिवस मोकळा ठेवावा. ऑगस्ट हा तुफानांचा महिना. १६ ऑगस्ट २०२४ ला तुफानामुळे टोकियो ते नागोया शिनकानसेन दिवसभर बंद ठेवली होती, तीही आदल्या दिवशी जाहीर करून. गाडी बंद राहिली म्हणून पासाचे दिवस वाढवून मिळत नाहीत. परतीचं विमान टोकियोहून असेल तर आदल्या रात्रीच टोकियोत मुक्कामाला या. आणि पास हरवला तर दुसरा मिळत नाही. चौघांचे चार पास मुलांच्या हाती न देता मोठ्या माणसाच्या पाकिटात, पासपोर्टसोबत ठेवा.