लाकडी पलंगातील अदृश्य सांधे : जुईनगरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ठाणे खाडीच्या पूर्वेस, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नवी मुंबईत जुईनगर वसले आहे. येथील लाकडी पलंगास दोन कसोट्यांना उतरावे लागते. खाडीलगतच्या दमट हवेत त्याचे लाकूड ऋतुमानानुसार फुगते व आक्रसते. शिवाय घर बदलताना तो इमारतीच्या जिन्यावरून न्यावा लागतो. खिळा वा स्क्रू बाहेरून न दिसणारा पलंग या दोन्ही कसोट्यांना कसा उतरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सांध्याचे स्वरूप

एका लाकडाच्या टोकास काढलेले कुसू दुसऱ्या लाकडातील खाचेत बसविणे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय. ते अतिशय प्राचीन आहे. इजिप्तची राणी हेतेफेरेस हिच्या गिझा येथील थडग्यात १९२५ मध्ये पलंग सापडला, तसेच सुटे करून पुन्हा उभारता येणारी त्यावरील छताची चौकटही सापडली. ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे.

लाकडाचे तंतू टोकाशी तुटलेले असतात. त्यामुळे तेथे सरस नीट धरत नाही व खिळाही सैल होतो. कुसवामुळे मात्र तंतूंना समांतर असे पृष्ठभाग एकमेकांस भिडतात व सरसास पुरेशी पकड मिळते. कुसवाची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक-तृतीयांश ठेवतात. ३२ मिलिमीटर जाडीच्या फळीस सुमारे ११ मिलिमीटर. त्याहून जाड कुसू केल्यास खाचेच्या भिंती दुर्बल होतात, बारीक केल्यास कुसू मोडते. कुसवाभोवतीच्या पायऱ्या गुण्यात असल्या, तरच पलंग डुलत नाही.

आर्द्रतेचा परिणाम

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, आडवे मात्र बदलते. सागासारख्या स्थिर लाकडातही आर्द्रता एक टक्क्याने बदलल्यास स्पर्शरेषीय दिशेने सुमारे ०.२ टक्के फरक पडतो. म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीची फळी चार टक्क्यांच्या फरकाने सुमारे १.२ मिलिमीटर कमी-अधिक होते. खुराचे तंतू उभे असल्याने तो त्या दिशेने बदलत नाही. रुंद, अखंड कुसू सरसाने जखडल्यास या विसंगतीमुळे सरस सुटतो किंवा फळी तडकते. यावर उपाय म्हणजे एका रुंद कुसवाऐवजी वर-खाली दोन अरुंद कुसवे काढणे आणि खाचेच्या टोकांशी किंचित मोकळीक ठेवणे. ती मोकळीक पायऱ्यांआड झाकली जाते.

स्थिर व सुटे सांधे

उशाकडील व पायथ्याकडील चौकटी सरसाने कायम जोडाव्यात. लांब बाजूंचे गाते मात्र सुटे राहावेत. ७५ मिलिमीटर चौरस खुरात उशाकडील कुसवे सुमारे ४५ मिलिमीटर खोल जातात. गात्याची कुसवे २० मिलिमीटरच ठेवल्यास दोहोंची खुराच्या आत टक्कर होत नाही. दोन कुसवांमधील मोकळ्या जागेतून बोल्ट गात्यात शिरतो. त्याचा नट गात्याच्या आतल्या बाजूस गादीआड दडतो. बोल्टचे डोके खुरात बुडवून त्यावर सरस न लावता लाकडी टोपण बसवावे. येथे कुसू भार पेलते व पीळ रोखते. बोल्ट केवळ ओढून धरतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर सांधा सैल झाल्यास बोल्ट पिळून तो पुन्हा घट्ट करता येतो.

निष्कर्ष

अदृश्य सांधा म्हणजे कायमचा सांधा नव्हे. सर्वच सांधे सरसाने बंद केलेला पलंग कितीही मजबूत असला, तरी घर बदलताना त्यास करवत लावण्यावाचून पर्याय उरत नाही. शिवाय झाकलेल्या सांध्याची परीक्षा ग्राहकास नंतर करता येत नाही. कुसू पुरेसे खोल आहे की केवळ सरसावर भिस्त आहे, हे जोडणीपूर्वीच पाहावे लागते. म्हणून पलंग करवून घेणाऱ्याने जोडणीच्या आधी एकदा कार्यशाळेत जाऊन सुटे भाग पाहणे, हे पॉलिशची छटा निवडण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.