ओळखा पाहू, हे कशाचं?

माळ्यावरून एक ट्रंक खाली आली आणि निगडीतल्या आमच्या हॉलमध्ये रविवारची दुपार सॉलिड रंगली. तुम्हीही खेळून बघा. अट एकच, फोन बाजूला ठेवायचा!

प्राधिकरणातलं आमचं जुनं घर रिकामं करायचं चाललं होतं. बैठी बंगली पाडून तिथे नवं बांधकाम होणार, म्हणून माळा साफ. त्यात आजीची ट्रंक निघाली. आत पितळ, तांबं, लोखंड, थोडं लाकूड... सगळं काळंठिक्कर. आईने दोन मिनिटांत निकाल दिला, "संध्याकाळी पाचला भांडीवाला येतोय. मोडीत देऊन टाकू, वजनावर पैसे मिळतील."

नेमकी त्याच दिवशी आमची गँग जेवायला आलेली. एक हिंजवडीत कोड लिहिणारा, एक चाकणला क्वालिटीत, एक बँकेत आणि मी. सगळे शिकलेले, कमावते, स्वतःला जाम हुशार समजणारे. आजीने ट्रंककडे बघितलं आणि म्हणाली, "पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना? मग ओळखा. जे ओळखाल ते ठेवायचं."

झाली की गेमची सुरुवात!

पहिला राउंड : नळी

हातभर लांब लोखंडी नळी. दोन्ही टोकं उघडी, ना झाकण, ना मूठ.

"प्लंबिंगचा माल," हिंजवडी. "लाटणं," बँक. उत्तर : फुंकणी. चूल विझायला लागली की एक टोक तोंडाला, दुसरं निखाऱ्याकडे, आणि फुंकर. तोंड जाळापासून लांब राहतं आणि वारा बरोब्बर हवा तिथे जातो. ना वायर, ना बॅटरी, ना वॉरंटी कार्ड!

दुसरा राउंड : पिझ्झा कटर?

वीतभर पितळी दांडी आणि टोकाला दातेरी चाक. चौघे एका सुरात ओरडलो, "पिझ्झा कटर!"

आजी हसून हसून लोटपोट. हे कातणं. करंजीची कड यानेच कापायची, शंकरपाळ्यांना नक्षीदार धार यानेच आणायची. चाक फिरतं तसं जादाचं पीठ कापलं जातं आणि दोन्ही थर दाबले जाऊन चिकटतात, म्हणजे करंजी तेलात उघडत नाही. अर्धा मार्क मिळाला, कापायचं आहे एवढं तरी ओळखलं म्हणून.

तिसरा राउंड : शॉट ग्लास?

एकापेक्षा एक मोठी, गोल, जाड पितळी भांडी. पेन स्टँड? कॅक्टसची कुंडी? बँकवाल्याने तर सरळ 'पार्टीसाठी' बाजूला काढून ठेवली.

ही धान्याची मापं. सगळ्यात धाकटं निळवं, मग कोळवं, मग चिपटं, मग मापटं, मग शेर. प्रत्येक पुढचं माप आधीच्याच्या दुप्पट. चार शेरांची एक पायली. म्हणजे पायलीत चिपटी किती? सोळा! आमच्या कोडवाल्याचा चेहरा उजळला, "अरे, ही तर बायनरी!" आजीला बायनरी माहीत नाही, पण तांदूळ मोजताना तिचं गणित कधी चुकलं नाही. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि साठच्या दशकात किलो-लिटर बाजारात रुळले. मापटं-चिपटं कपाटात मागे मागे सरकत गेलं आणि शेवटी माळ्यावर पोचलं.

चौथा राउंड : पत्र्याची पट्टी

बोटभर पत्र्याची पट्टी आणि टोकाला केसासारखी बारीक तार. सगळे गप्प. सिम कार्डची पिन? कान कोरायचं?

यावेळी उत्तर आजीने नाही, आईने दिलं. "अरे, ही स्टोव्हची पिन!" रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हचं बारीक भोक काजळीने बुजलं की ज्योत पिवळी व्हायची, भांडी काळी व्हायची. मग ही तार भोकात घालायची, की स्टोव्ह पुन्हा फरफरायला लागायचा. पिन सापडली नाही तर चहा नाही!

इथे आम्ही जरा चपापलो. फुंकणी पणजीची, ठीक आहे. पण ही तर आईच्या लहानपणातली! म्हणजे वस्तू अनोळखी व्हायला शंभर वर्षं लागत नाहीत, एक गॅस कनेक्शन पुरतं.

काकांचा फंडा

आमचा आरडाओरडा ऐकून शेजारचे काका आले. कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात गेलेली, आता रिटायर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नाव काय विचारता? आधी वस्तू वाचा."

त्यांचा फंडा एकदम सोपा. हात कुठे धरतो? तिथला भाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो. झीज कुठे झालीय? काम तिथे होतं. काळं कुठे आहे? तिथे जाळ लागतो. आत कल्हई आहे का? मग त्यात आंबट पदार्थ शिजत किंवा राहत असणार, कारण आंबट पितळेला लागलं की कळकतं. अंगावर ठोक्यांच्या खुणा आहेत? मग ते मशिनवर नाही, तांबटाच्या हातोडीखाली झालंय.

मग त्यांनी पितळेचा जडशीळ सोऱ्या उचलला. सोबत चार चकत्या, एकीला बारीक भोकं, एकीला चांदणी. सोऱ्या आम्ही ओळखला, दिवाळी आहे अजून आमच्याकडे! पण काका म्हणाले, "ही एक्स्ट्रूजन डाय. खिडकीचं अॅल्युमिनियमचं सेक्शन असंच निघतं. भोकाचा आकार तोच मालाचा आकार." आजीने लगेच जोडलं, "आणि चांदणी उगीच नाही हो. त्या धारांमुळे चकली कुरकुरीत होते." टूलरूम आणि स्वयंपाकघर, एकाच टेबलावर!

मग आजीची टर्न

म्हटलं, आता आजीला कोड्यात पाडू. मी माझा गॅजेट्सचा ड्रॉवर ओतला. केळ्याचे एका दाबात काप करणारा साचा तिने उलटसुलट करून बघितला. "केळ्यासाठी? मग सुरीला काय झालं?" अंड्यातला पिवळा बलक वेगळा करायचा चमचा तिने 'चहाचं गाळणं फुटलेलं' म्हणून बाजूला टाकला.

मग फोनवर एक फोटो दाखवला. तीन लांब पाय, वर उलट्या थेंबासारखं डोकं. आजी म्हणाली, "कोळी आहे." फिलिप स्टार्कने १९९० साली अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी केलेलं हे जगप्रसिद्ध डिझाइन म्हणजे चक्क लिंबू पिळायचं यंत्र! तेव्हा न ओळखण्याचा मक्ता काही आपल्याच पिढीकडे नाही.

शेवटून दुसरी वस्तू

साडेचार झाले होते. ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात एक चिमुकली पितळी वस्तू होती. तळहातावर मावणारी, शंखासारखी, एका बाजूला निमुळती चोच. निरांजन? तुपाची झारी? काकांनी फंडा लावला. जाळ लागलेला नाही. टोक कुठेही बोचत नाही, मुद्दाम गोल केलंय. "नाजूक कशाला तरी लागणारं आहे," एवढंच ते म्हणाले.

आजीने ती हातात घेतली आणि बराच वेळ बोलली नाही. "बोंडलं आहे हे. बाळाला दूध पाजायचं. तुझा बाबा अशक्त होता, अंगावर पीत नव्हता. तीन महिने रात्र रात्र बसून यानेच थेंब थेंब पाजलंय त्याला."

बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला. साठी ओलांडलेल्या माणसाने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे ना, तिथे लहानपणी शाळेच्या ट्रिपमधून आपण सगळेच धावत जाऊन आलोय. अडकित्ते, दिवे, विळ्या, स्वयंपाकाची भांडी... 'एवढे अडकित्ते कशाला?' असं तेव्हा वाटायचं. चष्म्यांचा व्यवसाय असलेल्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव फिरून सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. त्यातला 'राजा' म्हणजे कुणी संस्थानिक नाही. तो त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. बोंडलं हातात असताना हे आठवलं आणि त्या काचेच्या कपाटांकडे बघायची नजरच बदलली.

आणि शेवटची...

एक वस्तू उरली. पितळेची सडपातळ दांडी, एका टोकाला रुपयाएवढी चकती, चकतीला तीन भोकं, दुसऱ्या टोकाला आकडा. काकांनी झीज बघितली, आईने अंदाज केले. मग सगळ्यांनी आजीकडे बघितलं.

आजीने मान हलवली. "माझ्या सासूबाईंची आहे. रोज हातात असायची त्यांच्या. काय करायच्या, विचारायचं राहूनच गेलं."

पाच वाजता भांडीवाला आला. त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. आता प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय : नाव, काम, कोण वापरायचं. सांगणारी आजी, लिहिणारी मी. त्या दांडीच्या चिठ्ठीवर फक्त प्रश्नचिन्ह आहे.

या वीकएण्डला एवढं करा

* घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला फोन लावा. 'तुझ्या स्वयंपाकघरातली आता कुणी वापरत नाही अशी वस्तू कोणती?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.
* वस्तूचा फोटो काढाच, पण ती वापरतानाचा त्यांच्या हातांचा व्हिडिओ आधी काढा.
* पिंपरीहून मेट्रो पकडा, मंडईला उतरा, तिथून चालत बाजीराव रोडवर केळकर संग्रहालय. पाट्या न वाचता आधी ओळखायचा प्रयत्न करा. हरलेल्याने मिसळ द्यायची!